मानधन

काळाचौकी,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैलाताई,
सप्रेम जय भीम.

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. विजयादशमीपासून तुझा एकही फोन घेतला नाही. ‘कामात आहे’ एवढाच मेसेज टाकत राहिले. शेवटी तू लिहिलंस, “मोठी पुढारी झालीस, चिपळूणच्या बहिणीशी बोलायला वेळ कुठला!” ऐकून घेतलं मी ते.

घरी सगळे बरे. राकेशची बदली ठाण्याला झालीय, रोज कुरकुरतो. प्रितीचं बारावीचं वर्ष आहे, त्यामुळे टीव्ही बंद. भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

पुढारी नाही गं झाले. आम्ही डबिंगवाले एकत्र आलोय, एवढंच. बाहेरची कार्टून, दाक्षिणात्य सिनेमे मराठीत येतात, त्यांना आवाज देणारे आम्ही. नोकरी कुणालाच नाही. बोलावलं तर जायचं. बाबा गिरणीत बदली कामगार होते, रोज सकाळी गेटावर जाऊन उभे राहायचे. आम्ही मोबाइलकडे बघत बसतो. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण ज्याचं त्याने बघायचं. आमचं मागणं फार नाही. पैसे वेळेवर द्या, आरडाओरड्याच्या कामात मध्ये विश्रांती द्या आणि या कामाने घसा गेला तर उपचार करा.

स्टुडिओच्या वकिलाचं उत्तर आलं. म्हणे, मानधन स्वीकारणारे कलावंत हे आमचे सन्माननीय पाहुणे आहेत, त्यांच्याशी मालक-नोकर असं नातं नाही.

मग कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. आमच्या पावत्या उलटसुलट करून म्हणाल्या, “सगळीकडे मानधनच आहे हो. मजुरी, वेतन असं कुठेच नाही? मग तुम्हाला कामगार कसं म्हणू?”

आमच्या बकुळाताई नाटकातून आलेल्या. त्या उसळल्या. “कामगार म्हणू नकाच! आयुष्य रंगभूमीवर गेलं माझं. मी काय मजूर आहे?”

उत्तम शेजारीच होता, लालबागचा, जिभेला हाड नाही. “मग पाहुणीच राहा, ताई. पण पाहुण्याला चहा तरी विचारतात. आपल्याला त्या मशीनच्या चहाचे पण कापतात!”

त्या बाईसुद्धा हसल्या. मीही हसले.

पण ताई, तो शब्द आम्हीच मागून घेतलेला आहे. पूर्वी पावतीवर ‘मजुरी’ असायचं. आम्हाला ते खुपायचं. सगळ्यांनी मिळून मालकांकडे विनंती केली आणि ‘मानधन’ करून घेतलं. मालक लगेच तयार झाले. किती मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणत आम्ही पेढे वाटले. मी ती पावती आईला दाखवली होती. तुला आठवेल, ती चाळभर सांगत फिरली, “बापाला मजुरी मिळायची, तीपण मागून. लेकीला बघा, आधी मान, मग धन.” आपल्या घरात ‘मान’ या शब्दाचं काय मोल होतं, ते तुला सांगायला नको.

निघताना बाई म्हणाल्या, “शब्दाचं बघू. काम घेतलं म्हणजे काम घेतलं. पण मला एक प्रकरण द्या. या कामाने घसा गेलेला एक माणूस, डॉक्टरांचं पत्र आणि नाव. नुसतं ‘आम्ही सगळे’ चालत नाही.”

नाव द्यायला कुणी तयार होईना. ज्याचं नाव जाईल त्याला पुन्हा कोण बोलावणार?

आमच्यात एक आहे. एका युद्धपटात गावातल्या सगळ्या बायकांचा आक्रोश तिने एकटीने दिला. “अजून चार बायका रडून दे, तुझ्याच आवाजात फिरव जरा,” असं म्हणत दिवसभर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी घशातून हवाच आली. डॉक्टर म्हणतात, स्वरतंतूवर गाठ आहे, काढली तरी पहिल्यासारखा आवाज येईलच असं नाही. बैठकीत उत्तमने विचारलं, तर तिने कागदावर लिहिलं, ‘सर्दी.’ आणि हीच बाई ग्रुपवर इतरांना लिहिते, घाबरू नका, पुढे या.

तुझ्या मनूला सांग, कार्टूनमधल्या माझ्या माकडाचा आवाज आता रुचिका नावाची मुलगी काढते. छान काढते. आजीचं माकड बदललं म्हणून नातवाने रुसू नये.

फोन का घेत नव्हते ते आता तुला कळलं असेल. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं असतं तरी तू ओळखलं असतंस.

काम जाईल म्हणून नाव देत नाही, असं मी रोजनिशीत लिहीत आले. ते खरं नाही. काम गेलेलंच आहे. मग अडतंय कुठे? काल स्वतःलाच नीट विचारलं. कार्यालयातल्या बाईंनी दिलेल्या अर्जात ‘व्यवसाय’ असा रकाना आहे. तिथे ‘कामगार’ लिहायचं म्हणजे आईने चाळभर मिरवलेलं मी माझ्या हाताने खोडायचं. बकुळाताईंना हसले खरी, पण माझा पेन त्याच जागी थांबतो. यातून काही मिळेल असंही नाही. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय.

राकेशला गाठीचं माहीत आहे. प्रितीला अजून सर्दीच सांगितलीय.

फोन करू नकोस. यावंसं वाटलं तर ये. तू बोल, मी ऐकेन.

तुझी,
मित्रा

ता. क. आज रोजनिशीत लिहिलं, उद्या : व्यवसायाच्या रकान्यात ‘डबिंग कामगार’ लिहून खाली सही करणे.