काहिलीतल्या बाई

३ मार्च १९४९, गुरुवार

दवाखाना बंद पडून तीन वर्षं झाली, आणि आज त्याचा फोटो काढायला माणूस दारात! मधुकरराव नाव. साताऱ्याचे, चाळिशीचे. लढाईत पलटणीबरोबर फोटो काढत होते. म्हणाले, "तिकडं पडक्या इमारतींचे ढिगानं फोटो काढले. आत कोण राबत होतं ते सांगायला कुणी उरलेलं नव्हतं. इथं माणसं आहेत तोवर विचारून घेतो." एक बंद शाळा झाली, एक सरकीचा कारखाना झाला. आता आमचा वारणाकाठचा धर्मार्थ दवाखाना. वैशाखात साताऱ्याच्या एका वाचनालयात सगळे फोटो मांडणार, खाली माणसांची हकिकत लिहिणार.

माझ्या भावाला, तात्याला, वाटलं मी नाही म्हणेन. मी बरं लुगडं काढून ठेवलं. एकोणीस वर्षं नर्स होते मी तिथं. माझ्याशिवाय सांगणार कोण?

६ मार्च

मोटारीनं शिराळ्यापर्यंत, पुढं बैलगाडी. दाराला कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. बाळंतिणींच्या खोलीत शेळ्या बसलेल्या. रडू येईल असं वाटलं होतं — आलं नाही.

आमचा स्वयंपाकी कोंडीबा निरोप मिळताच आला. फार वाकलाय. मधुकररावांनी त्याला चुलीपाशी उभं करून फोटो काढला आणि विचारलं, कोण कोण आठवतं? मी शेजारीच उभी.

"धाकट्या बाई," तो म्हणाला. "लय मायाळू. आमच्या पोटात घास गेला का न्हाई त्ये बी बघायच्या."

मग अर्धा तास धाकट्या बाईच. त्यांचं हसणं, त्यांनी म्हातारीला खांद्यावर कसं नेलं, ते सगळं. शेवटी मधुकररावांनाच अवघड झालं असावं. थोरल्या बाईंचं काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"ह्या व्हय? ह्या शिस्तीच्या," कोंडीबा म्हणाला, आणि पायानं राख सारखी करत राहिला.

एकोणीस वर्षं. आणि शिस्तीच्या.

७ मार्च

धाकट्या बाई म्हणजे पद्मा. चौदा महिने होती. चौदा!

८ मार्च

कालपासून डोक्यातून जात नाही. पद्मा '४२ च्या पावसाळ्यात आली. वाईची, चोविशीची, नवरा पलटणीत. हात धुवायचे कसे इथपासून मी तिला शिकवलं. आडवं मूल फिरवायला मी शिकवलं. आणि बायका येऊन ओसरीवरूनच विचारायच्या, "धाकट्या बाई हायती न्हवं?"

एकीला मी दोन दिवस खपून सोडवली. बारशाला गेले तर मुलीचं नाव पद्मा! हिनं त्या पोरीला फक्त न्हाऊ घातलं होतं.

'४३ च्या भाद्रपदात अचानक नोकरी सोडून गेली. कारण सांगितलं नाही. अर्धं गाव गाडीमागं रडत गेलं. मी '४६ ला निघाले तेव्हा अंगणात एक कुत्रं होतं.

हे मधुकररावांना सांगायचं नाही.

२० मार्च, रविवार

काय करून बसले.

मधुकरराव नदीपलीकडच्या गावाला जाऊन आले. तिथं त्यांना रंगूबाई भेटली. '४३ च्या श्रावणात ती अडली होती आणि वारणेला पूर. गुंडा नावाड्यानं गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात लोटली, दवाखान्यातल्या बाईंना तिच्यात बसवलं आणि पोहत पोहत पलीकडं नेलं. रंगू वाचली, मुलगाही वाचला.

एवढं सांगून मधुकररावांनी माझ्याकडं पाहिलं. "त्या बाई तुम्हीच का?"

तात्या पेपर खाली ठेवून ऐकत होता. वहिनी चहा घेऊन दारातच थांबली होती. गुंडा दोन वर्षांमागं वारला. कोंडीबा तेव्हा आजारी पडून गावी गेलेला.

"हो," म्हटलं.

वहिनीनं कप आधी माझ्यापुढं ठेवला. या घरात पहिल्यांदाच.

२१ मार्च

इथं तरी खरं लिहिते. इथं वाचणारं कोण आहे?

गुंडा बोलवायला आधी माझ्याकडंच आला होता. थोरली मी. पेटी घेऊन काठापर्यंत गेलेही. पाणी तांबडंलाल, त्यातून अख्खी झाडं वाहत चाललेली. काहील काठाशीच गरगरत होती. गुंडा म्हणाला, "बाई, बसा. म्या हाय." माझा पाय उचलला नाही. म्हटलं, पाणी उतरू दे, मग बघू. तो म्हणाला, तवर ती ऱ्हाती का बाई?

तेवढ्यात मागून पद्मा आली. माझ्या हातातली पेटी घेतली आणि बसली. सरळ पाण्याकडं तोंड करून. एकदा मागं वळून बघितलं नाही.

काहील मधल्या धारेला लागली तेव्हा माझ्या मनात आलं — आता ही परत आली, तर या गावात मला कुणी ओळखणार नाही.

परत न यावी असं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

२ एप्रिल

मधुकररावांनी नदीकाठी माझा फोटो काढला. एका गुऱ्हाळातून काहील मागून आणली आणि मला तिच्याशेजारी उभी केली. "बाई, जरा पाण्याकडं बघा," म्हणाले. बघितलं. आयुष्यात माझा एकटीचा असा फोटो नव्हता. लग्नातला असेल, पण तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तो सासरच्यांनी ठेवून घेतला.

१६ एप्रिल

तात्यानं इथं विश्रामबागेत सगळ्यांना सांगून टाकलंय. शेजारच्या मास्तरीणबाई मुलींना घेऊन आल्या. पुराची गोष्ट सांगा म्हणाल्या. सांगितली. छान सांगता येते आता. काहिलीचा काठ हाताला कसा गार लागत होता, तेही सांगितलं.

८ मे, रविवार — सातारा

तात्या, वहिनी आणि मी सकाळच्या मोटारीनं आलो. वाचनालयाची मोठी खोली. भिंतीवर चुलीपाशी कोंडीबा. शेळ्यांची खोली. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, माझा फोटो. खाली: "मथुराबाई. एकोणीस वर्षं सेवा. श्रावण १९४३, भर पुरात काहिलीतून नदीपार." माणसं वाचत होती, वळून माझ्याकडं बघत होती. दोघी-तिघी पाया पडल्या.

आणि फोटोसमोर पाठमोरी पद्मा.

वेणीवरून ओळखली. मधुकररावांनी तिलाही बोलावलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खालच्या ओळी तिनं सावकाश वाचल्या. मी दारापर्यंत मागं सरकले, पण वहिनीनं हात धरून पुढं नेलं. पद्मा वळली. कपाळ मोकळं. कधी झालं, विचारायचं धाडस झालं नाही.

तात्यानंच विचारलं, "तुम्हीही तेव्हा तिथं होतात ना? पाहिलंत का हिला काहिलीत बसताना?"

पद्मानं माझ्याकडं पाहिलं. तिनं आता सांगावं आणि मोकळं करावं, असंच वाटत होतं मला.

"पाहिलं ना," ती म्हणाली. "मी काठावर उभी होते. माझा पाय उचलत नव्हता."

जसंच्या तसं. म्हणजे तिनं तेव्हा मला पाहिलं होतं. माझी सगळी भीती तिनं उचलून स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी तिथं मुकी उभी. मग तिनं वाकून मला नमस्कार केला आणि निघून गेली.

९ मे

झोप नाही. एवढं मोठं मन कुठून आणतात माणसं? तेही तिच्याकडंच! माझ्याकडं का नाही? आज तिचा जेवढा हेवा वाटतोय, तेवढा चौदा महिन्यांत कधी वाटला नव्हता.

१५ मे

मधुकररावांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. काहिलीत मी नव्हते, पद्मा होती. माझा फोटो उतरवा, तिचं नाव लावा. टाकायच्या आधी तात्याला वाचून दाखवलं. त्यानं पेपर उचलून तोंडापुढं धरला. वहिनीनं माझं ताट सगळ्यांच्या शेवटी वाढलं.

पेटीत पत्र पडलं तेव्हा हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२४ मे, मंगळवार

मधुकररावांचं उत्तर. लिहितात — रंगूबाई त्यांना तेव्हाच म्हणाली होती की बाई तरुण होत्या. म्हणून माझ्या 'हो'नंतर त्यांनी पद्माला पत्र घालून विचारलं होतं. तिच्या उत्तरामुळंच माझं नाव लावलं. आता मी खरं लिहिलंय, तर ते पत्र मी वाचावं, म्हणून सोबत पाठवलंय. तिलाही कळवलंय.

पद्माचं अक्षर, वर वाईचा पत्ता. थोड्याच ओळी.

"नाव थोरल्या बाईंचंच राहू द्या. एकोणीस वर्षं त्यांनी केलं. मी त्या दिवशी काहिलीत बसले ती शौर्यानं नव्हे. आदल्या दिवशी आमचे हे लढाईत पडल्याची तार आली होती, कुणाला सांगितली नव्हती. मला परत यायचं नव्हतं. पलीकडे रंगू अडलेली नसती, तर मी मधल्या धारेतच उतरले असते."

वाईची मोटार सकाळी सातला आहे. एकटीच जाते.