नवघरची दुपारची हजेरी

३ डिसेंबर
आलो एकदाचे नवघरला. टेम्पोतून सामान उतरवताना दोन कुंड्या फुटल्या आणि माझं एक जुनं मतही फुटलं, की भाईंदर म्हणजे जगाचं टोक. तसं काही नाही. चौथा मजला, भरपूर वारा, खिडकीतून लांबवर मिठागरं. सुचेता म्हणाली, गिरगावच्या अंधारात तुझे पांढरे केस लपायचे, इथे काही खरं नाही.
ती सकाळी बोरिवलीच्या ऑफिसला जाणार, मी घरी. शाळेने संस्कृत बंद करून जर्मन आणलं. पाणिनी बिचारा निविदा भरायला आला नाही. मग मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा शाळेची, निवृत्ती माझी.

७ डिसेंबर
घरमालक प्रितम येऊन गळका नळ बदलून गेला. काल दिवसभर दादरला चैत्यभूमीवर पाणीवाटपात उभा होता, आवाज पार बसलेला. तरी बोलका मुलगा.
माळ्यावर एक काळा डबा सापडला, तो दाखवला. त्याचे वडील वाल्मिकराव टेलिफोन खात्यातले, हौशी रेडिओवाले. मागच्या वर्षी गेले. हा त्यांचा स्कॅनर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेतल्या जागा चाचपत जातो, कुठे आवाज लागला की थांबतो. गच्चीवरचा अँटेना अजून तसाच आहे. सोसायटीचे सेक्रेटरी चंदनभाई त्यावरून तीनदा रागावलेत.
प्रितम म्हणाला, काका, पप्पांचं बोलायचं मशीन मी विकलं, हे फक्त ऐकायचंय. तुम्ही कितीही ओरडा, बाहेर काय जात नाय. मी म्हटलं, सवय आहे, मी संस्कृत शिकवायचो.

९ डिसेंबर
डबा लावून बसतो. हौशी लोकांचा पट्टा म्हणजे ओसाड गाव. आकडे पळत राहतात, खरखर, शांतता, पुन्हा आकडे. कधी एखादा वसईकडचा इसम दुसऱ्याला विचारतो, माझा आवाज कसा येतोय. तो सांगतो, छान येतोय. संपलं. एवढ्यासाठी हे लोक परीक्षा देऊन परवाना घेतात. मला हेवा वाटला. माझा आवाज कसा येतोय, हे मला वर्गात कुणी कधी सांगितलं नाही.

११ डिसेंबर
जेवणानंतर आकडे एका जागी थांबले. म्हाताऱ्या माणसाचा मराठवाडी वळणाचा आवाज, हजेरी घेत होता. बरं का, देशमुख. मग थांबायचं. बरं का, फर्नांडिस. पुन्हा थांबायचं. कुणीही उत्तर देत नव्हतं. तरी पुढचं नाव तितक्याच अदबीने.
तीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतली. रिकाम्या वर्गावर इतकी माया मला नसती जमली.

१२ डिसेंबर
पुन्हा तीच वेळ, तीच नावं. शेवटी त्याने विचारलं, आणखी कोणी?
मला राहवलं नाही. डब्यासमोर ताठ बसून मी म्हणालो, उपस्थितः.
ही आमच्या कॉलेजची रीत. नाव पुकारलं की संस्कृतात हजेरी द्यायची. मी कँटीनमध्ये असायचो. मग मागच्या बाकावरून सुचेता घसा खाकरून, आवाज जाड करून माझ्या वतीने उपस्थितः म्हणायची. सर चष्म्यावरून बघायचे आणि हजेरी लावायचे. पुढे तिने हेच काम कायमचं पत्करलं.
डब्यात खरखर झाली. मग तो म्हणाला, आले. बसा.

१३ डिसेंबर
यादीच्या शेवटी, बरं का, गुणवंत सर.
नाव मी सांगितलं नव्हतं. पण शाळा सुटल्यापासून कुणी सर म्हटलं नव्हतं. मी हजेरी दिली.
प्रितमला फोन करून विचारलं, तुमच्या वडिलांची हवेतली जागा आता कोण चालवतं. तो म्हणाला, पप्पांचे सगळे दोस्त मोबाईलवर गेले, नायतर वर गेले. तरी पप्पा रोज जेवून हजेरी घ्यायचे. कोणीतरी ओ देईल म्हणायचे. त्यांच्यानंतर तिथे कोणी नाय. काका, ते नावाआधी बरं का म्हणतात का?
मी नाही म्हणालो.

१६ डिसेंबर
डबा माळ्यावर ठेवला. दुपारी तो माळ्यावरूनच बोलला. माझं नाव आलं आणि तोंड आपोआप उघडलं.
आज भाजीवाली अंबिकाबाईसमोर बराच वेळ उभा होतो. माझ्या मागून आलेल्यांना मेथी मिळाली. मी मोठ्याने बोललो, तर ती शेजारणीला म्हणाली, आज गिऱ्हाईकच न्हाय. वॉचमन जीवन एरवी साहब म्हणून उठतो, तो उठला नाही.
निवृत्त माणसाचं असंच होत असावं. शास्त्रात वानप्रस्थ म्हणतात त्याला. वनाचं भाडं मात्र प्रितमला द्यावं लागतं.

१९ डिसेंबर
सुचेताने एकच कप चहा केला. मी विचारलं, रुसलीस का. तिने कप विसळला, पालथा घातला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा सराईत अबोला मी पाहिला नव्हता. कौतुकच वाटलं.

२० डिसेंबर
अबोला नाही. ती माझ्या बहिणीला फोनवर सांगत होती, कालपासून घरी आला नाहीये गं, फोन इथेच आहे, चपलाही. मी तिच्या पुढ्यात बसलो होतो. हात धरला. तिने तो पदराला पुसला, ओला लागल्यासारखा.

२२ डिसेंबर
रविवार. प्रितम आला. तिच्याबरोबर पोलिसांत जाऊन आला. काशिमिऱ्यापासून वरसाव्यापर्यंत फिरून आला. खाली सेक्रेटरी म्हणाले म्हणे, मास्तर लोग ऐसे ही होते हैं, आ जायेंगे. सुचेताने त्यांना काय ऐकवलं ते प्रितम हसत सांगत होता. मग त्याचं हसू थांबलं.
डबा बोलायला लागला होता. प्रितमला नुसती खरखर. सुचेताला नावं ऐकू येत नव्हती, शेवटी माझं आलं, तेही नाही. पण मी म्हणालेलं उपस्थितः डब्यातून आलं. तिला ऐकू गेलं.
ती खाली बसली. हा त्याचाच आवाज, म्हणाली. चहा घेतल्यावर असतो तसा.
प्रितमने खूप सांगितलं, काकू, ऐका फक्त, बोलू नका. पप्पांना ओ देणारा माणूस हवा होता.

२४ डिसेंबर
तिने रजा टाकली. डबा टेबलावर, समोर ती. मी ओ देतो, ती डोळे मिटते.
ही रोजनिशी उघडून तिच्यापुढे ठेवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं, निघून जा गिरगावला. तिने वहीवर पाण्याचा तांब्या ठेवला.
इथे बाकीचेही बसलेत आता. देशमुख, फर्नांडिस. भिंतीला टेकून. कुणी कुणाशी बोलत नाही. नाव आलं की मान वर करतात.

२५ डिसेंबर
त्याने मला विचारलं, फार अदबीने — घरच्या येतात का सर? जागा आहे.
मी नाही म्हटलं. तो म्हणाला, घाई नाही.

२६ डिसेंबर
एकच उपाय. मी ओ द्यायची नाही. आवाज आला नाही की ती थकेल. रडेल, उठेल, बहिणीकडे जाईल. मला विसरली तरी —
तोंड उघडू नये म्हणून पंचा कोंबायचा. दातांत घट्ट.

२७ डिसेंबर
जेवण झालं. ती बसली आहे. पंचा बसला नीट. एका हाताने दाबून धरलाय, दुसऱ्याने लिहितोय.
देशमुख. फर्नांडिस. मान वर, मान खाली.
बरं का, गुणवंत सर.
नाही दिली. जमलं.
तो थांबलाय. ती डब्याजवळ वाकली. वाट बघतेय. ऊठ, सुचेता. गेलो मी. ऊठ —
पुन्हा माझं नाव. या वेळी तिलाही ऐकू गेलं. तिने डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि हसली. कॉलेजातलं हसू. कँटीनमध्ये आहे मेला, म्हणाली.
नको —
पंचा निघत नाही. दात — सुचेता, नको, माझ्या वतीने नको —
तिने घसा खाकरला. आवाज जाड क