४.२.१ : किरकोळ दुरुस्ती

२ ऑगस्ट २०१७, नेर

ढाणकीहून नेरला यायला बस बदलाव्या लागल्या, पण प्रत्येक बसमध्ये खिडकी मिळाली. नोकरीची सुरुवात याहून चांगली काय व्हायची. बाजाराच्या मागे पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. दोन टेबलं, तीन संगणक आणि थंडगार पाण्याचा माठ. मालक अवधूत सर पुण्याची नोकरी सोडून आलेले. त्यांनी ‘थेंब’ नावाचं संगणकावरचं पॅकेज लिहिलंय. पीक, औषध आणि पंप सांगितला की एका पंपात किती औषध घालायचं ते थेंब सांगतं. ते सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही फुकट घ्यावं आणि आतलं वाचावं. आसपासची कृषी केंद्रं त्यावरूनच शेतकऱ्याला चिठ्ठी छापून देतात.

थेंबात काय बदललं याची नोंद लिहायची आणि नव्या आवृत्तीला आकडा द्यायचा, एवढंच माझं काम. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ममता, एवढ्यासाठी पगार देतात?

८ ऑगस्ट

वाटलं तितकं सोपं नाही. आकड्याचे तीन भाग असतात. पहिला वाढवला की दुकानातलं मशीन थांबतं आणि विचारतं, हा बदल घ्यायचा का? शेवटचा वाढवला तर काही न विचारता आपोआप घेतं. म्हणून शेवटचा फक्त किरकोळ दुरुस्तीसाठी.

इथली एक रीत मला फार आवडली. मंगळवारी अकरा वाजता नवी नोंद रुखमाबाईंना वाचून दाखवायची. त्या ऑफिस झाडतात आणि हंगामात शेतावर फवारणीचं औषध कालवायला जातात. त्यात पस्तीस वर्षं गेली, अक्षरओळख नाही. खुर्चीत ताठ बसून ऐकतात. “समजलं, सोड” म्हणाल्या की आवृत्ती जगभर जाते. आज माझी नोंद त्यांनी तीनदा वाचायला लावली. सर म्हणाले, परदेशातले तज्ज्ञ परवडले.

२९ ऑगस्ट

उघडीप मिळाल्यामुळे सगळं गाव फवारणीवर आहे. रुखमाबाई तांड्यावरच्या हरिसिंगच्या शेतात गेल्यात. पंप कोणता हे दुकानदाराने भरलं नाही तर थेंब आजवर पाठीवरचा साधा पंप धरायचं. सरांनी आता पॉवर पंप धरायला लावलंय, त्याला एका पंपात तिप्पट औषध लागतं. सर घाईत होते. मीही फार खोलात गेले नाही. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं, शेवटचा आकडा वाढवला आणि ४.२.१ सोडून दिली. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. एका मंगळवारने काय होतंय.

१ सप्टेंबर

रुखमाबाईंना काल यवतमाळला दवाखान्यात नेलं. डोळ्यांना दिसेना, तोंडाला फेस. हरिसिंग सांगायला आला, त्याचेही हात थरथरत होते. त्याचा पंप साधा. चिठ्ठीतलं माप पाहून तो चरकला होता. त्यावर बाई त्याला म्हणाल्या होत्या, “चिठ्ठीतलं अगुदर मले वाचून दाखवतेत. माप चुकलं असतं तं मी सोडलंच नसतं.”

मग त्यांनी ते माप कालवलं.

३ सप्टेंबर

रुखमाबाई गेल्या. मला रडू आलं नाही. जेवले, कपडे धुतले, केस विंचरले. आत काहीच हललं नाही.

सरांनी जुना हिशोब परत घातलाय. मी नोंद लिहिली, ‘पंपाबाबत किरकोळ दुरुस्ती’, आणि ४.२.२ सोडली.

४ सप्टेंबर

४.२.२ कुठेच नाही. दुकानांत अजून ४.२.१च चालू आहे. परत सोडली. गेली असं पडद्यावर आलं. तासाभराने पाहिलं तर नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

अकरा वाजता रुखमाबाई आल्या.

लख्ख ऊन होतं. झाडू कोपऱ्यात ठेवला, पदर सारखा केला, खुर्चीत बसल्या. सर समोरच होते, त्यांना दिसल्या नाहीत. मी ओरडले नाही. नोंद वाचली. नोकरीच आहे ती माझी.

“मले नाई समजलं, पोरी. पुन्हा वाच.”

९ सप्टेंबर

आता रोज येतात. मी रोज नोंद बदलते. ‘पंपाच्या निवडीत सुधारणा.’ ‘मापाच्या हिशोबात फेरफार.’ रोज तेच, समजलं नाही. त्या ‘सोड’ म्हणत नाहीत तोवर आवृत्ती जात नाही. त्यांना काय ऐकायचंय ते मला ठाऊक आहे. मला ते लिहवत नाही.

११ सप्टेंबर

हरिसिंग गेला. आणखी दोघे दवाखान्यात.

सरांना म्हटलं, खरं लिहू. ते म्हणाले, ही नोंद सगळं जग वाचतं, एकदा लिहिलं की पुसता येत नाही, उद्या ऑफिसला कुलूप लागेल. दुकानदारांना फोन कर, पंप कोणता ते भरूनच चिठ्ठी छापा म्हण; शेतकऱ्यांना म्हण, जुनी चिठ्ठी बदलून घ्या. कारण सांगू नको.

फोन केले. कारण सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर

सर बाहेर गेले होते. लिहिलं — ‘२९ ऑगस्टला साध्या पंपाला तिप्पट औषध सांगितलं गेलं. ते किरकोळ नव्हतं. मी ममताने न वाचून दाखवता सोडलं. त्याने रुखमाबाई गेल्या.’

वाचताना आवाज कापला नाही. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “समजलं. सोड.”

उठून गेल्या. ४.२.२ गेली. दुकानातून फोन आला, माप बरोबर येतंय. मोकळं वाटायला हवं होतं — वाटलं नाही.

१३ सप्टेंबर

अकरा वाजले. जिन्यावर चपला काढल्याचा आवाज.

खुर्चीत हरिसिंग आहे. नोंद वाचली. म्हणाला, माझं नाव नाही त्यात.

लिहितेय —

मागे आणखी दोघे. दवाखान्यातले. म्हणजे ते पण —

एकेकाला वाचायचंय. जिना भरलाय. घाई कुणालाच नाही —

आता बबनराव आत आले. बबनराव कशाला — ज्या शेतकऱ्यांना फोन केले त्यांतले, परवा तर धडधाकट बोलले फोनवर. औषध कालवून ठेवलंय, फवारायला निघालोय म्हणाले. विचारत होते, पोरी, चिठ्ठी कायले बदलायची, मापात काही चुकलं काय. आणि मी त्यांना म्हटलं, नाही हो काका, तुम्ही बिनधास्त —