अण्णांचं स्वल्प ऑइल

गुरुवार, १३ फेब्रुवारी १९९७

धूर तपासणीत ऑटो आज तिसऱ्यांदा नापास. तपासणारा म्हणाला, "पेट्रोलमध्ये ऑइल कमी घाल." अरे, मी मापानेच घालतो. मग एवढा धूर येतो कुठून?

घरी येऊन ऑटो लावला, पाणी पिऊन बाहेर आलो, तर अण्णा टाकी चाचपत उभे. हातात ऑइलचा डबा. "स्वल्पच घातलं रे. इंजिन जाम व्हायला नको." म्हणजे हे रोजचंच?

सोमवारपर्यंत सर्टिफिकेट दाखवलं नाही, तर पोलीस ऑटो उचलून नेणार. पण तीस वर्षं हीच लाइन केलेल्या, आता डोळे गेलेल्या बापाच्या हातातून तो डबा कसा काढून घेऊ? तेवढंच काम उरलंय त्यांना.

"उद्यापण मीच घालतो," म्हणाले.

सरी अण्णा, बरं, तुम्हीच घाला, म्हटलं मी.