उसना पेशंट

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (उताणं पडूनच केला आहे, पालथं व्हायला डॉक्टरांची मनाई आहे.) तू कशी आहेस? जिना चढताना लागणारा दम अजून पित्तामुळेच लागतो ना?

मी सरकारी इस्पितळात आहे. घाबरू नकोस आणि नाकही मुरडू नकोस, तुझं मत मला पाठ आहे. मुळात मी आजारी म्हणून आलोच नव्हतो. माझा मेहुणा इथे भांडार सांभाळतो (चादरींच्या घड्या घालून घालून ज्याचं बोलणंही घडीचं झालंय, तोच). आरोग्यमंत्री पाहणीला येणार म्हटल्यावर सगळ्यांची गाळण उडाली. हृदयाच्या वॉर्डातले पेशंट फारच आजारी दिसत होते (आता ही काय त्यांची रीत झाली?), म्हणून त्यांना मागच्या व्हरांड्यात हलवलं आणि नव्या कोऱ्या चादरींवर कर्मचाऱ्यांचे भरल्या अंगाचे नातेवाईक झोपवले. त्यात मी. बेताने कण्हायचं आणि विचारलंच तर "सगळं उत्तम, सगळं फुकट" म्हणायचं, एवढंच काम होतं.

मंत्रीबाई आल्या. तपासण्या-औषधं सगळ्यांना मोफत करण्याच्या ज्यांच्या कामाला तू खूळ म्हणतेस, त्याच. त्या पूर्वी डॉक्टर होत्या, हे मेहुण्याने मला सांगायला नको? माझ्या खाटेच्या कडेला बसून त्यांनी सरळ माझं मनगट धरलं. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, तर म्हणाल्या, "बोलू नका." मग नळी कानाला लावून ऐकत राहिल्या. ताई, अख्ख्या राज्याच्या खाटा जिच्या डोक्यावर, ती बाई माझी एकट्याची छाती ऐकत बसली होती आणि मागे बडे अधिकारी ताटकळत होते. मला तर गहिवरूनच आलं. छाती दाटते का विचारल्यावर मी खरं ते सांगून टाकलं, की दाटते आणि जिना चढताना दमही लागतो. (मेहुण्याने डोळे वटारले.)

मग त्यांनी विचारलं, "या खाटेवरचा पेशंट कुठे आहे?" बडे अधिकारी नव्या चादरींकडे बघू लागले. माझं बोट मात्र आपसूक मागच्या दाराकडे गेलं. बाई स्वतः गेल्या आणि एका म्हातारबाबांची चाकाची खुर्ची ढकलत आत आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मेहुणा म्हणतो. बाबांना त्यांची खाट मिळाली, मला कोपऱ्यातली.

तपासणीत निघालं, माझी हृदयाची रक्तवाहिनी बुजत आली होती. जाळी बसवली, आता ठीक आहे. पैसे भरायची खिडकी कुठे म्हणून नर्सला विचारलं, तर म्हणाली, "ती बंद झाली. तिथे आता आम्ही चादरी ठेवतो."

तुझा धाकटा (आता अस्सल पेशंट)

ता. क. एक राहिलंच. माझ्या खाटेपासून उठताना बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा दम लागतो का? मी म्हणालो, ताईला, पण ती पित्त म्हणते. बाई म्हणाल्या, "माझी आईही पित्तच म्हणायची," आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

पुन्हा ता. क. पेशंट म्हणून तू यायची नाहीस, ठाऊक आहे मला. आजारी भावाला बघायला म्हणून ये. शेजारची खाट रिकामी आहे, तिच्यावर जरा टेक. मीही नुसता पडायलाच आलो होतो.