गाडीच्या पोटातली टकटक

चि. धाकटीस,

अगं, आज सगळ्यात आधी कोण उगवलं असेल तर आपले व्याही. चहाच्याही आधी, हातात टॉर्च आणि काखेत स्वतःची उशी. उशी कशाला, तर गाडीखाली आडवं व्हायला. (अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते राहिलंच विचारायचं, तेल लावतेस ना?) त्यांच्यामागून शेजारचे प्लंबर आले. तुझे भाऊजी तर दाढीबिढी करून बॉनेट उघडून उभेच. दाढी करून, बरं का. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून हा माणूस "हं" आणि "नको" एवढ्यावर दिवस काढत होता.

तर गाडीच्या पोटात टकटक होते. का होते ते मला विचारू नकोस, त्यांनाही कळलेलं नाही. व्याह्यांनी जन्मभर औषधाचं दुकान चालवलं, त्यांना वाटतं तेलाचा डोस कमी पडला. प्लंबरना जिथेतिथे नळी तुंबलेली दिसते. तुझे भाऊजी म्हणतात आवाज पुढून येतो, आणि मागे जाऊन उभे राहिले की म्हणतात मागून. शेवटी माझा कान मागितला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं ऐकू येतं म्हणे. मला तर छान ऐकू आलं. नंतर म्हणतात, इंजिन अजून चालूच केलेलं नाही. मग ते काय होतं कोण जाणे.

अवजारांचं तर बोलूच नकोस. एक पाना आणावा तर नट दुसऱ्याच मापाचा, दुसरा आणावा तर तो आत शिरत नाही. स्वयंपाकघराची भिंत ह्यांनी अवजारांना दिली, प्रत्येकाभोवती पेन्सिलीने रेघ मारून. अजून न आणलेल्यांच्याही आकृत्या काढून ठेवल्यात. त्यातल्या एकीत माझा झारा बरोब्बर बसला म्हणून मी तो अडकवला, तर व्याही तोच घेऊन गेले आणि बराच वेळ वापरला. परत देताना म्हणाले, "विहीणबाई, पकड चांगली आहे हो याची."

आता कामाचं. पुढचं एक चाक (पुली म्हणतात) उपटल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि त्याला तीन नख्यांचं अवजार लागतं, पुलर. ते तुझ्या यजमानांच्या पेटीत आहे, ह्यांना पक्कं आठवतंय. तर ते पाठव, असं लिही म्हणाले. लिहिलं.

तुझी ताई

ता. क. पत्र ह्यांनी वाचून परत दिलं, म्हणून आता लिहिते. पुलर सापडत नाही म्हण. एकदम नाही म्हणू नकोस, शोधतेय म्हण. तो आला की टकटक थांबेल, आणि मग हे तिघं कशाभोवती उभे राहणार? काल ह्यांनी जेवणभर मला पिस्टन सांगितला. एक अक्षर कळलं नाही. पण बोलताबोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणखी ता. क. तुझ्या यजमानांना यायचं असेल तर खुशाल येऊ देत, मात्र रिकाम्या हातांनी. मंडळी मंगळवारी सकाळी परत येतो म्हणून गेलीत.