जाड आट्यांचे बोल्ट

कालार्का, ९ सप्टेंबर

चि. नोर्बे यास,

आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या मार्लेनीवहिनीने पेरूच्या वड्या तुझ्या काली शहराला येणाऱ्या बसवाल्याकडे दिल्यात, आठवणीने घे. कॉफीची तोडणी जोरात आहे, त्यामुळे गॅरेजसमोर जीपांची रांग लागली आहे.

आता मुद्द्याचं. मी जाड आट्यांचे बोल्ट मागवले होते. तू पुन्हा बारीक आट्यांचे पाठवलेस, वर चिठ्ठी: "दादा, खडबडीत रस्त्यावर बारीक आटे लवकर ढिले पडत नाहीत." अरे, गिअरबॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा आहे. मऊ धातूतले बारीक आटे जरा जास्त आवळले की सोलून निघतात. पोलादात पोलाद बसवायचं असेल तिथे तुझं खरं. वीस वर्षं हेच सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"आटे जाड की बारीक, नखाने बघून घे," असंही लिहिलंस. मी पुडा मार्लेनीपुढे सरकवला, तर ती म्हणते, "अहो, तुम्हाला दुसऱ्याचं नख कधीपासून लागायला लागलं?" म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. चष्मा नाकावरच होता.

साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत, नोर्बे. आजची गोष्ट नाही. तू इथून गेलास त्याच्याही आधीपासून.

आपल्या गॅरेजात दुरुस्त केलेल्या ड्रायव्हर एदिल्माच्या जीपचं स्टिअरिंग उतारावर सुटलं, तिचा पाय कायमचा अधू झाला, आणि मी भर चौकात सगळ्या ड्रायव्हरांसमोर तुझ्याकडे बोट दाखवलं. तू कायम बारीक आट्यांचे गोडवे गायचास, म्हणून सगळ्यांना लगेच पटलं. तो बोल्ट मी बसवला होता. भोक जाड आट्यांचं, हातात आला बारीक, बधिर बोटांना कळलंच नाही. दोन फेऱ्यांत अडकला, मला वाटलं घट्ट बसतोय, म्हणून पान्याने रेटला. जीप ओढून आणली तेव्हाच मला कळलं होतं. पण बोटं गेली म्हटल्यावर माझ्याकडे कोण येणार, या भीतीने गप्प बसलो. तुझी बाजू ऐकूनही घेतली नाही, आणि तू गाव सोडलंस. फार लाज वाटते.

आज सकाळी एदिल्माकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हे भावाला सांगितलंस का, अर्सेसिओ?" म्हणून हे पत्र. शनिवारी चौकात सगळ्यांना सांगणार आहे.

जाड आट्यांचे बोल्ट अजून हवेच आहेत. पाठव, नाहीतर घेऊनच ये. पुडा तूच फोड, नखाने तूच बघ.

एदिल्माच्या जीपचा बोल्ट बसवणारा,
तुझा दादा
अर्सेसिओ